चिप गुंडूभावजींनीच बसवावी

मी, यशोदाबाई भरमू कामकर, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा पूर्वी साड्यांचे काठ काढणे व हल्ली इतरांच्या कामात खोड काढणे, राहणार वडगाव, बेळगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी शुद्ध शाबूत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. तो टाकण्याची या घरात कुणाची टाप नाही.

कलम एक. राहते घर मुलगा आदर्श याला. माडीचे दार ढकलावे, ओढू नये, हे त्याला बावीस वर्षे तोंडी सांगत आले; आता लेखी देते. माग त्यालाच. विकायचा असल्यास निदान वर्षभर थांबावे.

कलम दोन. माझ्या हातची जांभळी साडी सून माधवी हिला. तिचा काठ फार रुंद आहे, असे ती दरवेळी म्हणते, म्हणून मुद्दाम तीच.

कलम तीन. माडीवरचा कॉम्प्युटर नात नीलम हिला. तो १९९५ साली घेतला असून त्यात मी काढलेले तीनशे बारा काठ आहेत. ते दुसऱ्या मशीनवर उघडावेत म्हणून नीलमने दोन रविवार घालवले, उघडले नाहीत. इथे उघडतात, पण एक काठ पडद्यावर उमटेपर्यंत चौघांचा चहा होतो. म्हणून तिने कुठून तरी शोधून याच मशीनला चालणारा जास्त वेगाचा प्रोसेसर मागवला आहे. प्रोसेसर म्हणजे मशीनचे डोके. आमच्या घरात त्याला चिप म्हणतात. ती अजून डबीतच आहे, कारण मी कुणाला हात लावू देत नाही. का, ते इथे नोंदवणे भाग आहे.

१९९८ च्या खंडेनवमीला माझे धाकटे दीर गुंडूभावजी यांनी अशीच चिप बेंगळूरहून आणली होती. मागाबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा होती. गल्ली खाली मागापाशी गोळा झाली होती. चिपला खालून एकशे अडुसष्ट बारीक पाय, त्यातले चार वाकलेले. भावजींनी मागाच्या फणीची एक काडी घेऊन ते अलगद सरळ केले, चिप बसवली आणि म्हणाले, "वैनी, आता हात लावू नको बघ. नैवेद्याला कुंदा घिऊन आलोच."

मी हात लावला. चिपवरची अक्षरे मला उलटी दिसत होती. मागावर नक्षीचे तोंड विणणाऱ्याकडे असते. त्या सवयीने मला वाटले, भावजींनी उलटी बसवली. त्यांची चूक गुपचूप सुधारावी आणि पुढे पंधरा वर्षे त्यांना ऐकवावी, असा माझा शुद्ध हेतू होता. चिप धरून ठेवणारी दांडी उचलून मी चिप अर्धा फेरा फिरवली. भावजी आले, मागोमाग गल्लीही वर आली. भावजींनी नारळ फोडला, बटण दाबले. धूर निघाला.

गल्लीने त्यांचे नाव धूरगुंडू ठेवले. पहिल्यांदा हसले ती मीच. जुनी चिप परत बसवल्यावर मशीन चालू झाले, पण भावजी ती माडी पुन्हा चढले नाहीत. त्यांना दुरुस्तीचे दुकान काढायचे होते. त्या नावावर कुणी रेडिओसुद्धा दिला नसता. ते सांबऱ्याला सासुरवाडीत जाऊन राहिले. सणाला येतात, अंगणात चहा घेतात आणि माझ्याशी आदर्शमार्फत बोलतात. मला याची लाज वाटते. फार वाटते.

कलम चार. नवी चिप फक्त गुंडूभावजींनी बसवावी. त्यांनी नकार दिल्यास जुनीच राहू द्यावी आणि नीलमने चहा करत बसावे. जळालेली चिप माझ्या करंड्यात आहे. माझ्या मागे येणाऱ्या पहिल्या खंडेनवमीला ती गल्लीला दाखवून कलम तीन मोठ्याने वाचावे. लोक मला हसतील. तेव्हा मी ऐकायला नसेन, एवढी सवलत घेतली आहे.

कलम पाच. भावजींना मी काहीच ठेवत नाही. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, असे वकील म्हणाले, आणि मला त्यांना साक्षीदार करायचे आहे. म्हणजे सहीआधी त्यांना हे सगळे वाचावे लागेल. तोंडाने सांगण्याची माझी हिंमत नाही. सही केली, तर माफ केले असे समजेन. न केली, तर एका साक्षीदाराअभावी हे मृत्युपत्र रद्द, आणि मग आदर्शने दार खुशाल ओढावे.

ठिकाण : वडगाव, बेळगाव
दिनांक : १४ सप्टेंबर २०२५

सही : यशोदाबाई भ. कामकर

साक्षीदार :

१. परशराम ढगे, शेजारी. चष्मा आणला नव्हता, वाचले नाही. यशोदाबाईंनी माझ्यासमोर सही केली.

२. गुंडू कामकर, रा. सांबरा. सगळं वाचून सही केली.

वैनी, मी कुंदा घिऊन आलतो तवा तू चिप फिरवत हुतीस. जिन्यातनं बघितलो. मला वाटलं, तुला माझ्यापरास जास्त कळतंय, म्हणून बटण दाबलो. धूर निघाल्यावर तुझं नाव सांगितलं असतं तर लोक तुला हसले असते. ते मला सोसलं नसतं. पर तू हसलीस, त्याचा लई राग आलता.

तू मरायची वाट कोण बघत बसतंय. यंदाच्या खंडेनवमीला येतो. चिप काढून ठेव. कुंदा आणायला तू जा.