नव्व्याण्णव कोणी राखल्या?

९ जानेवारी १९९४, रविवार. मुकुंदवाडी.

उद्यापासून नवं आयुष्य. हे वाक्य मागच्या डायरीतही आहे, पण तेव्हा तयारी कच्ची होती. या वेळी काम ठोस आहे. छावणीतल्या मिशनच्या डग्लससाहेबांना आठवडाभरासाठी दुभाषी हवाय. साहेब न्यूझीलंडचे. पिशोरकडच्या धनगरांमध्ये त्यांना प्रवचनं करायची आहेत आणि मराठी येते ती फक्त ‘पाणी’ आणि ‘बस झालं’ एवढीच. आठवडा नीट पार पडला तर मला कायमची नोकरी, शिवाय मिशनच्या आवारात क्वार्टर. साहेबांनी विचारलं, तिकडची माणसं माहितीची आहेत का. म्हटलं, सर, आय अ‍ॅम सन-इन-लॉ ऑफ दॅट एरिया. चांगलंच इम्प्रेशन पडलं.

कंपनीला कावीळ कळवली आहे. शनिवारपर्यंतची. चिकलठाण्यात इतकी वर्षं टाइमकीपर म्हणून दुसऱ्यांच्या येण्याजाण्याची नोंद केली, आता जरा आपलं बघू.

साळूचं नेहमीचं. शेजारच्या चंपाबाई वाळूजला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जातात, तिथं बायका घेतायत, मीही जाऊ का, असं पुन्हा विचारत होती. शांतपणे समजावलं. तू गेलीस तर घर कोण राखणार? पोरींचं कोण बघणार? ती नुसती भाकरी थापत राहिली. पटलं असावं.

१० जानेवारी, सोमवार. पिशोर.

पोहोचलो. साहेबांना एसटीत खिडकी दिली, त्यामुळे धुळीचा मोठा वाटा त्यांना मिळाला. तक्रार केली नाही. उंच, लाल, शांत माणूस.

सासऱ्यांच्या, म्हणजे तात्यासाहेबांच्या, बाजरी निघालेल्या शेतात धनगरांचा वाडा उतरलाय. मेंढरं, दोन घोडी, कुत्री, कोंबड्या, पोरंबाळं, सगळा संसार उघड्यावर. शेताला खत मिळावं म्हणून मेंढ्या बसवल्या आहेत. म्हणजे श्रोते आयतेच शेतात. याला प्लॅनिंग म्हणतात.

आमची सोय मळ्यातल्या खोलीत. साहेबांना खाट, मला कडब्याशेजारची जागा. तात्यासाहेबांनी विचारलं, संक्रांतीला साळूला का नाही आणलं? म्हटलं, आराम करतेय, मी तिला काडी उचलू देत नाही. ते उठून बैलांना वैरण टाकायला गेले. जावयाचं कौतुक तोंडावर करायची पद्धत नाही त्यांच्यात.

११ जानेवारी, मंगळवार.

पहिलं प्रवचन. यशस्वी. किंचित अडचण आली, ती मी एकट्याने निस्तरली.

साहेबांनी गोष्ट सांगितली. एका मेंढपाळाच्या शंभर मेंढ्या. एक हरवली. तर हा नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकीला शोधत गेला, सापडली तेव्हा खांद्यावर घालून आणली आणि आनंदीआनंद. देव असाच आपल्या प्रत्येकाला शोधतो. माझं भाषांतर अप्रतिम झालं. माझेच डोळे भरून आले.

वाड्याचा म्होरक्या मुंजाबा. त्याने तंबाखू मळायची थांबवली आणि विचारलं, बाकीच्या नव्व्याण्णव कुणाच्या जिवावर टाकल्या? म्हटलं, देवाच्या. तो म्हणाला, आन् ते लांडग्याला कोन सांगनार? त्याचा धाकटा भाऊ बिरू म्हणाला, असला गडी आमच्यात असता तर पोरगी दिली नसती कुनी. माणसं धोतर झटकत उठायला लागली. साहेबांनी विचारलं, काय म्हणतायत? म्हटलं, डीपली मूव्ह्ड, सर.

कायमची नोकरी डोळ्यांदेखत उठून चालली होती. हात वर करून ओरडलो, थांबा, पुढचं राहिलंय! मागं त्याची बायको होती ना राखायला!

सगळे बसले. बायका तर पुढे सरकल्या. मुंजाबाची बायको म्हाळसाबाई म्हणाली, मंग हे आधी नाय का सांगायचं. लई येळ जीव टांगनीला लावला.

भाषांतर सगळेच करतात. मी सुधारणा केली.

१२ जानेवारी, बुधवार.

गर्दी दुप्पट. शेजारच्या शिवारातल्या बायकाही आल्या. सगळ्यांना त्या बाईचं ऐकायचंय. साहेबांचा आजचा विषय बी पेरणारा माणूस. त्यातही तिला घालावं लागलं. तो बी टाकत पुढे गेला, मागे पाखरं हाकायला ती. बायका खूश.

मग बिरूची बायको बानाबाई हिने विचारलं, ती पैली का दुसरी? मला कळेना. तिने मला अडाण्यासारखं समजावलं. खंडोबाच्या दोन बायका. घरची म्हाळसा, मेंढरामागची बानू. देवाच्या मेंढ्या राखते म्हंजी दुसरीच असनार. म्हाळसाबाई फणकाऱ्याने म्हणाली, व्हय, कष्ट समदे दुसरीचे, पैली काय झोपा काढती? दोघी जावांची जुंपली. दोघी आपापल्या नावाच्या देवीकडून. मुंजाबाने मध्यस्थी करायला बघितलं, त्याला दोघींनी मिळून गप्प बसवलं.

साहेबांनी विचारलं, कशावर वाद? म्हटलं, थिऑलॉजी, सर. साहेबांचे डोळे चमकले. इतक्या वर्षांत एवढी जिज्ञासा कुठेच बघितली नव्हती म्हणाले.

संध्याकाळी बातमी आली, मराठवाडा विद्यापीठाच्या नावाचा निर्णय होतोय म्हणून बंद आहे, एसटी बंद, रस्ते बंद. माझी हरकत नाही. काम शुक्रवारपर्यंत आहेच.

१३ जानेवारी, गुरुवार.

हरकत आहे. सकाळी फाट्यापर्यंत चालत गेलो. एकही गाडी नाही. एक जीप आली, तिच्या टपावरसुद्धा जागा नव्हती. परत आलो तर बायका खोलीच्या दारात बसलेल्या. त्या बाईचं माहेर कुठलं? पोरं किती? नवरा पुना पुना जातो का असा सोडून? भांडत नाय का त्याला? मी म्हटलं, फार समजूतदार आहे. बानाबाई म्हणाली, समजूतदार नाय, दमलेली आसंल.

नाव काय तिचं? पवित्र ग्रंथातली दहा नावं पाठ करून आलो होतो, एक आठवेना. सगळ्या तोंडाकडे बघतायत. साळू म्हणून टाकलं. साळूबाई. सुटसुटीत नाव आहे, बाकी काही कारण नाही.

बाहेर पडावं तर वाड्याची कुत्री. आत बसावं तर कडब्याची कुसळं. पुढे साहेब, मागे सासरे, मधे मी. साहेबांनी विचारलं, विद्यापीठाच्या नावावरून एवढं काय पेटलंय? सांगितलं, अ मॅटर ऑफ सायनबोर्ड, सर. ते म्हणाले, पाटीसाठी माणसांची घरं जाळतात? म्हटलं, सर, चहा थंड होतोय.

कावीळ शनिवारी संपते. लवकर निघायला हवं.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत.

सकाळी बायका नटून आल्या. तिळगूळ, खण, नारळ आणि वाड्यावरच्या लोकरीची एक नवीकोरी घोंगडी. सगळं साहेबांपुढे ठेवलं. म्हाळसाबाई म्हणाली, साळूबाईची वटी हाय. तिला पोचती करा. साहेबांनी विचारलं, हू इज सालूबाई?

एवढ्या कमी वेळात कोणाला काय सुचलं असतं? म्हटलं, सर, मराठीत वाइफला साळूबाई म्हणतात.

साहेबांनी नारळ हातात घेतला. मग म्हणाले, माझी साळूबाई हेलन. घरी आहे. साहेबांचं तिकडे शेत आहे आणि त्यावर चारशे मेंढ्या, हे मला आत्ता कळलं. माझी समजूत अशी की न्यूझीलंडात फक्त क्रिकेट.

मी काही बोलायच्या आत चारशे हा आकडा साहेबांनी बोटांनी दाखवला, आणि मेंढीसारखे ओरडले. अख्खा वाडा हसला. मुंजाबाने साहेबांना हाताला धरून कळपात नेलं. साहेबांनी एक मेंढी उलथी केली, खूर बघितला, खिशातल्या चाकूने सडका भाग काढला. बिरू म्हणाला, हे बेस हाय, गडी कामाचा हाय. दुपारपर्यंत मला कोणी हाक मारली नाही. मी भाषांतरासाठी दोनदा पुढे झालो, मेंढ्या बिथरल्या म्हणून मला मागे व्हायला सांगितलं.

मग बानाबाईने मला बोलावलं. सायबाला इचारा, तुमी हितं, मंग तुमची चारशे कोन राखतंय?

काहीतरी दुसरंच सांगणार होतो. खरंच सुचलं नाही. आठवडाभरात पहिल्यांदा जसंच्या तसं भाषांतर केलं.

साहेब बांधावर जाऊन बसले. आमच्याकडे पाठ करून. खांदे हलत होते. वाईट वाटलं. त्यांच्यापेक्षा क्वार्टरचं जास्त वाटलं, पण त्यांचंही वाटलं.

संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. मळ्यातला सालगडी बन्सी धावत आला, तिळगूळ दिला. त्याचं अभिनंदन केलं. मग तात्यासाहेबांकडे जाऊन म्हटलं, काय दिवस आले. दोघांनीही माझ्याकडे सारख्याच नजरेने बघितलं. याला समतोल म्हणतात.

१५ जानेवारी, शनिवार.

कावीळ संपली. मी इथेच.

साहेब सामान बांधतायत. न्यूझीलंडला जाणार. कायमचे. म्हणाले, त्रिंबक, नऊ वर्षं मी हरवलेल्यांना शोधत देशोदेशी फिरलो, मागे कोण आहे हे मला कोणी विचारलंच नाही. तू माझे डोळे उघडलेस. मी विचारलं, आणि माझी पोस्ट? त्यांनी मला मिठी मारली. क्वार्टरबद्दल विचारलं. पुन्हा मिठी मारली.

घोंगडी हेलनला नेणार आहेत. खण आणि नारळ माझ्या हातात दिले. तुझ्याही साळूबाईला, म्हणाले.

तात्यासाहेबांना वाड्यावरून कळलंच होतं. जेवताना म्हणाले, त्या गोष्टीतल्या बाईला पोरीचं नाव दिलं म्हने. बरं केलं. खोटं नाय ते. आणि उठून गेले. भात संपवला, पण चव नव्हती.

१७ जानेवारी, सोमवार. मुकुंदवाडी.

काल कांद्याच्या ट्रकमधून फुलंब्रीपर्यंत, आज पुढे जमेल तसा. दुपारी पोहोचलो. दाराला कुलूप.

किल्ली आणि पोरी चंपाबाईंच्या सासूकडे. त्यांनी सगळं सांगितलं. मंगळवारी कंपनीतून कडूबा मोसंबी घेऊन आला, कावीळवाल्याला बघायला. साळू खोटं बोलली नाही. मग बंद. घरात पीठ नाही, दूध नाही, नवऱ्याचा पत्ता नाही. शुक्रवारी चंपाबाईंबरोबर बोलून घेतलं, शनिवारपासून पॅकिंगला. मोसंबी पोरींनी खाल्ली. कंपनीचा निरोप आहे, तूर्त घरीच आराम करावा, बोलावू तेव्हा यावं.

साळू सहा वाजता आली. पायांवर पाणी घेतलं, बसली. मी खुलासा तयार ठेवला होता, तीन मुद्दे होते. तिने विचारलं, जेवलात का? मुद्दे राहून गेले. खण-नारळ पुढे ठेवला. कोणी दिलं विचारलं. सांगितलं, सगळंच, धनगरणींचं, त्या बाईचं, नावाचं. ऐकता ऐकता तिने खण उलगडला आणि तोंडावर धरला. हसत होती की काय, ते मला दिसू दिलं नाही.

मग म्हणाली, उद्या मला सकाळची पाळी. अंधारात निघावं लागतं. दूध आलं की लगेच तापवा, धाकटीच्या फ्रॉकचं बटण तुटलंय, थोरलीला गणिताची वही नाही, कंपास नाही, काय नाही ते बघा. तुम्ही घरीच आहात ना.

म्हटलं, अर्थातच. मॅनेजमेंटचाच प्रश्न आहे. उद्यासाठी टाइमटेबल आखलं आहे.

१८ जानेवारी, मंगळवार.

दूध उतू गेलं. बटण उलटं लागलं. थोरली शाळेत पोहोचली, दप्तर घरी राहिलं, ते द्यायला गेलो तेवढ्यात धाकटी कडी काढून रस्त्यावर. तिला शोधायला धावलो तर दप्तर पानटपरीवर विसरलो. ती सापडली. खांद्यावर घालून आणली. दार सताड उघडं, मांजराने उरलेलं दूध संपवलेलं.

दुपारपासून धाकटी दारात बसून आहे. आई कधी येणार, विचारते. चारला, सांगतो. थोड्या वेळाने पुन्हा विचारते. आता मीही तिच्याशेजारी येऊन बसलोय.