मी आईला बोलायला लावलं

रविवार, लातूर

सिनेमा कसा निघेल हे मी लेखक-दिग्दर्शकांची नावं बघून सांगतो. सहसा चुकत नाही. म्हणून भूकंपावर सिनेमा लिहिणारा तो लेखक किल्लारीला आमच्या घरी आला, तेव्हा मीच आईला म्हणालो, "चांगला माणूस हाय, मोकळं सांग." आई इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या रात्रीबद्दल बोलली. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माझ्या ताईचा हात गार पडला तरी तिनं सोडला नव्हता. मीही ते तेव्हाच ऐकलं.

आज तिला टॉकीजला नेलं. पडद्यावरची आई तोच हात सोडून पळाली. लोक रडत होते. सिनेमा चांगला आहे, हेच मनाला जास्त लागतं. माझा अंदाज खरा निघाला, त्याचं आता काय करू?

बाहेर येऊन लेखकाला फोन लावला. "कथेला ते लागतं, दादा," म्हणाला.

 परतताना जीपमध्ये आई हळूच म्हणाली, "मी पळाले न्हवते ना रे? तू बी व्हतास की तिथं."

मी तेव्हा दोन वर्षांचा होतो.

"न्हाई पळालीस," म्हणालो. "मी बघितलंय."