युरोची गुरुवारची सुट्टी

शुक्रवार, संध्याकाळ. मोशी.

आज माझ्यावर घोर अन्याय झाला: चहा निवला. दर शोधायच्या सॉफ्टवेअरमध्ये कालचा युरोचा दरच नव्हता. दराशिवाय निर्यातीचं बिल नाही, बिलाशिवाय ट्रक हलेना, आणि जहाज काही थांबणार नव्हतं.

"चूक सॉफ्टवेअरचीच. मिसळीची पैज!" मी डिस्पॅचच्या शिंदेंना ठणकावलं आणि हिंजवडीला सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला.

"काका, साप्ताहिक सुट्टी गुरुवार, असं तुमच्याच कंपनीने भरून दिलंय. त्या दिवशी सॉफ्टवेअर दर साठवत नाही," ते बनवणारी स्नेहल म्हणाली.

"अगं, गुरुवारी चाकणचे कारखाने बंद असतात, युरो नाही!"

तिने हसत दर भरला. ट्रक गेला. चहा गारच.

"हरलात राव," शिंदे म्हणाले.

हरलो? एवढं साधं सॉफ्टवेअरला कळू नये? वाद मीच जिंकला. मिसळीचे पैसे मात्र हॉटेलात शिंदे हात धुवायला गेल्यावर गुपचूप देऊन टाकले.