चुऱ्याचा अबोला

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार (माझा गुडघा धरलाय, तेव्हा सातच अंगांचा समज). तुझी पाठ कशी आहे? वहिनी अजून तुला एकट्याला जिना उतरू देत नाही का?

"चुरा म्हणजे एकमेकांशी अबोला धरलेला कोळसा," असं बाबा वखारीत म्हणायचे, आठवतं? "कुणीतरी मध्ये पडून समेट घडवला, की पुन्हा जळतो." वखार विकायची की ठेवायची यावरून आपण बोलणं टाकल्यापासून मी रोज दुपारी मागच्या भिंतीशी, त्या चुऱ्याच्या ढिगासमोर जाऊन बसते. ऊन तिरपं झालं की ढीग चमकू लागतो, अंगात आभाळ मुरल्यासारखा, आणि वेळ कुठे जातो कळत नाही. अशाच एका दुपारी ठरवलं, की याच्या वड्या पाडायच्या आणि जाळायला वापरायच्या. (हसू नकोस. म्हणजे हस, पण मला ऐकू येईल असं हस.)

मैद्याची खळ शिजवली, चुऱ्यात कालवली. बाबा मूठभर घेऊन दाबायचे. बोटांचे ठसे उमटले आणि तळवा कोरडा राहिला, की जमलं म्हणायचे. मी मूठ दाबली तेव्हा नेमकी वर ढग बघत होते, त्यामुळे तळव्याकडे बघायचं राहिलं. हातानंच थापलेल्या त्या ओलसर वड्या शेडमध्ये ओळीनं मांडल्या आणि विसरून गेले. आठवड्यानं बघते तर प्रत्येकीवर मऊ पांढरी लव! काळी पिल्लं दाटीवाटीनं निजल्यासारखी. हात लावायचा धीर होईना. शेजारची शिंपीण कुंपणावरून डोकावली नि म्हणाली, "अहो ताई, या जाळायच्यात की पाळायच्यात?"

दुसरा घाणा घट्ट कालवला. पण बाबांच्या त्या दाबयंत्राचा दांडा! तो त्यांनी मुद्दाम दोघांसाठीच केला होता: एकानं लोंबकळायचं, दुसऱ्यानं साच्यातून वडी काढायची. मी एकटीच लोंबकळले. दांडा ढिम्म. (लहानपणी तू मला पोतं म्हणायचास, ते आता मागे घे.) मग खरोखरचं वाळूचं पोतं बांधलं. ते धाडकन खाली गेलं, साचा वर उडाला आणि मी नखशिखांत काळी. दारात आलेल्या पोस्टमननं मलाच विचारलं, "बाई घरात आहेत का?"

तरी एक वडी साधली. कडक वाळवून शेगडीत ठेवली, तर आधी रुसल्यासारखी नुसतीच धुमसली. मग आतून हळूहळू उजाडत गेली आणि संध्याकाळपर्यंत लाल राहिली. वर ठेवलेला चहा केव्हाच आटला, तरी मी बघत बसले होते. कुणीतरी शेजारी बसलंय असं वाटत होतं, म्हणून मान वळवली नाही.

बाकी सर्व ठीक. वखार विक, माझी काही हरकत नाही. वहिनीला नमस्कार.

तुझी,
पोतं

ता. क. हरकत आहे.

ता. क. दुसरा: खड्डा बुजवायला तू ढीग ठेकेदाराला देऊन टाकलास, त्याचा ट्रक सोमवारी येतोय. त्याआधी एकदा ये आणि दांड्याला लोंबकळ. (लोंबकळल्यानं पाठ मोकळी होते म्हणे.) तुझी सगळी कारणं मला तोंडपाठ आहेत. तू नाहीच म्हणणार. पण ते इथे येऊन म्हण.