सात नंबरची कंबर

१२ जानेवारी. आसेगाव
पुलाचे चौदा पाइल. अठरा मीटर जमिनीत उतरलेले काँक्रीटचे खांब — आणि चौदाही डोक्यांवर ताजा गिलावा! "मॅडम येनार म्हून चकाचक केलं," मुकादम उकंडराव म्हणाला. गिलाव्यावर सेन्सर चिकटवून काय कळणार? सगळा फोडायला लावला. अख्खा दिवस गेला. मजूर सोजरबाई छिन्नी मारता मारता — "काल मीच लावला, आज मीच फोडून राह्यली!"

एकटीने करायची पहिलीच चाचणी. ऑफिसातल्या सरांनी बजावलंय — निकाल चुकला, तर पुन्हा मदतनीस.

१३ जानेवारी
हातोडीचा एक ठोका, लॅपटॉपवर एक रेघ. धक्का तळाला जाऊन परत येतो. मध्ये दोष असेल तर आधीच परततो. तेरा पाइल ठीक. सात नंबरचा तीन मीटरवरूनच परतला. दहा ठोके मारले. दहाही वेळा तिथूनच.

उकंडराव हसला. "रिसोडच्या रहमतुल्ला टेलरची पोरगी ना तू? बाप टेपनं माप घेते, तू हातोडीनं!"

"अब्बूंचं माप चुकत नाही," एवढंच म्हणाले.

अहवालात लिहिलं — सात नंबर सदोष, खोदून पाहावे. सही केली.

१४ जानेवारी
सरांचा फोन. "कंत्राटदार चिडलाय. खोदून काही निघालं नाही तर?"
निघेल.

१६ जानेवारी
जेसीबीने बाजूने खोदलं. दोन मीटरपर्यंत खांब सरळ, गोल. "पाहा मॅडम! कायले खोदून राह्यलो आपन?" उकंडराव. अडीच मीटर. मग सोजरबाईच ओरडली — "अवं, याले तं कंबरच नाही!"

काँक्रीट निम्मं. सळया उघड्या, मध्ये काळी माती. टेप लावली — तीन मीटर पाच सेंटिमीटर. फरक पाच सेंटिमीटर!

कोणासमोर हसले नाही. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रिसोडपर्यंत हसत आले.

१७ जानेवारी
सरांचा मेसेज — पुढचे तीन पूल तुझे.

१८ जानेवारी
उकंडराव अब्बूंच्या दुकानात आला. चहाही घेतला नाही. "मॅडम, अकरा नंबर बी पाहा. खड्ड्याच्या तळातला गाळ न काढताच काँक्रीट भरलं. तुमी ठीक लिहलं म्हून मी चूप राह्यलो."

अकरा नंबरची रेघ पुन्हा उघडली. तळाकडे अंधुक आहे. त्या दिवशीही अंधुकच होती.