वजा अठ्ठावन्न

मंगळवार, १२ ऑगस्ट

—आणि मी तरी किती वेळा सांगू की मीटर खोटं बोलत नाही! आज आप्पाजींना परत समजावलं. आत बटणाएवढा सेन्सर. कार्बन मोनॉक्साइड पडद्यातून आत शिरतो, इलेक्ट्रोडवर रिअ‍ॅक्ट होतो, इलेक्ट्रॉन सुटतात. गॅस जास्त तर करंट जास्त. वास नाही, रंग नाही, तरी पकडतो — मला अजूनही भारी वाटतं. पस्तीस पीपीएमला अलार्म. आणि त्यांच्या बेल्टवरच्या मीटरवर शून्य!

आप्पाजी निपाणीचे, आमच्या पीण्या इंडस्ट्रियल एरियातल्या प्लांटमध्ये भट्टी सांभाळतात. चार-पाच दिवस डोकं जड होतंय म्हणतात. "मीटरला डोकं कुठं हाय अक्का, दुखायला?"

मी हसले.

गुरुवार, १४ ऑगस्ट

आप्पाजी भट्टीच्या शिडीवरून पडले. चक्कर आली. मनगट मोडलं. मीटर वाजलाच नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट

पुरुषोत्तम सर मॅनेजर आहेत. सगळ्यांसमोर म्हणाले, हवा क्लीन होती, म्हणजे हा पिऊन आला होता. मग माझ्याकडे बोट करून, "आर्याचे मीटर आहेत, चुकणार नाहीत." सोमवारी आप्पाजींना काढणार. अठरा वर्षांची नोकरी.

कालच्या सुट्टीत भट्टी बंद करून दाराचं पॅकिंग बदललं, दरवर्षीसारखं. आज आत हवा खरंच स्वच्छ. चारही मीटर चेक करायला घेतले. आप्पाजींचा — वजा अठ्ठावन्न. बाकीचेही तसेच. गॅस नसण्यापेक्षा कमी कसा असेल?

मग आठवलं. सहा तारखेला पाऊस होता. मीटर झीरो करायला बाहेर स्वच्छ हवेत जायचं असतं. मी भट्टीशेजारच्या टेबलावरच बटण दाबलं. दारातून गॅस गळत होता आणि मीटरला वाटलं, हीच स्वच्छ हवा. अठ्ठावन्नला मी शून्य करून टाकलं. नंतर टेस्टला सिलिंडरचा गॅस इतका स्ट्राँग, की अठ्ठावन्न वजा होऊनही अलार्म नीट वाजला. मी टिक केलं.

हेच लावून लोक परत आत जाणार — एवढंच डोक्यात आलं. धावत गेटबाहेर नेऊन चारही नीट झीरो केले.

त्याआधी त्या वजा आकड्यांचा फोटो काढला नाही. एकही.

रविवार, १७ ऑगस्ट

बनशंकरीतलं घर. एक मीटर सोबत आणलाय. शून्य. पाच मिनिटांनी परत शून्य. दुसऱ्या खोलीत गेले तरी तो माझ्याकडे बघतोय असं वाटतं.

सोमवार, १८ ऑगस्ट

आप्पाजी प्लास्टर घालून आले होते. लेटरवर सही चार वाजता. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "आधीचे साहेब पावसातबी गेटबाहेर जायचे. तुमी टेबलापाशीच दाबलासा, मी बघिटलो. अक्का शिकलेली हाय, तिला ठावं असंल म्हटलं."

त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं तरी कोण ऐकणार? आता पुरावा म्हणजे फक्त तू — हे पान. साडेतीन झालेत. फाडू, की सरांपुढे ठेवू? तुला काय वाटतं?