चर्चपुढचे पाम

८ जून २०२५, रविवार
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी जाहीर केलं : फाटकापासून चर्चच्या दारापर्यंतचे मेलेले पाम काढून नवी झाडं लावायची, निवड अँड्र्यूसरांनी करावी. स्वाभाविक आहे. जन्मभर चित्रकला शिकवली. सावेडीत एवढी नजर दुसऱ्या कुणाला? मेलेले पामही माझ्याच पसंतीचे होते, हा विषय कुणी काढला नाही. सोंड्या भुंग्यानं आतून पोखरले. त्यात निवडीचा काय दोष?
संकल्प : या वेळी सगळ्यांचं ऐकायचं.

१२ जून
ऐकलं. क्रिस्टीना आमच्याच मंडळीतली, राहुरीला शेती शिकलेली. म्हणे, करंज, बहावा, कडुनिंब असं मिसळून लावा. एक कीड आली तरी सगळी जाणार नाहीत. पाम मात्र नको, भुंगा अजून आसपास आहे. माझ्या बायकोचं, हेलनचंही तेच. दोघींना पर्स्पेक्टिव्ह कळत नाही. मिसळलेली झाडं म्हणजे प्रार्थनेला उभी पोरं, एक उंच, एक बुटकं. तरी निदान करंज लावीन, असा हेलनला शब्द दिला.

५ जुलै
नर्सरीत गेलो. करंजाची रोपं गुडघ्याएवढी. शेजारी पाम. माझ्याहून उंच, सरळ, एकसारखे. नर्सरीवाला म्हणाला, या जातीला भुंगा लागत नाही. तो खोटं कशाला बोलेल? टेम्पोत भरले. हेलनला फोनवर सांगितलं, करंजाचीच सुधारित जात मिळाली.

१३ जुलै, रविवार
लागवड झाली. फाटकातून बघितलं की दोन्ही रांगा थेट चर्चच्या दारात मिळतात. फोटो काढले. हेलन फोटोत उभी राहिली नाही. म्हणे, करंज आले की काढू. पाळकसाहेबांनी आभार मानले, जरा हळू आवाजात.

२४ ऑगस्ट
एका पामचा शेंडा कललाय. वारा असेल. काठी बांधली.

२१ सप्टेंबर
आणखी शेंडे कलले. बुंध्यातून तपकिरी चिकट पाणी. कान लावला तर आत कुरकुर. हेलनला म्हणालो, वाढीचा आवाज असावा. ती म्हणाली, वाढतंय खरं काहीतरी.
संकल्प : उद्या क्रिस्टीनाला फोन.

२९ सप्टेंबर
फोन राहिला. तिला कामं असतील.

१९ ऑक्टोबर, रविवार
चर्चला मागच्या दारानं गेलो. गुडघा दुखतो. ते दार लांब पडतं, पण चालणं चांगलं.
बाहेर पडताना क्रिस्टीनानं गाठलंच. पामांबद्दल अक्षर बोलली नाही. हन्नामावशींचा नारळ गेला म्हणाली. मावशी ऐंशीच्या, एकट्या, घर चर्चच्या कुंपणाला लागून. नवऱ्यानं लावलेला नारळ. रोज दुपारी त्याच्याखाली खुर्ची टाकून बसायच्या. भुंगा तोच.
मी म्हणालो, नारळ जुना झाला होता.
जेवलो नाही. हेलनला सांगितलं, ॲसिडिटी.

२ नोव्हेंबर
काल नारळ तोडला. करवतीचा आवाज घरापर्यंत येत होता. खिडकी लावून घेतली. मावशींकडे जायचं ठरवलं होतं, पण इस्त्रीचा शर्ट नव्हता.
होता.

५ नोव्हेंबर
मावशीच आल्या. धापा टाकत बसल्या. "अँड्र्यू, तिथं आता काय लावू? मला सावलीला बसायचंय, तेव्हा लवकर वाढणारं सांग."
मी भुंग्यावर सुरू केलं. हवामान बदललंय, हल्ली कुठूनही येतो वगैरे.
"कुठून आला ते मला माहीत आहे रे," त्या म्हणाल्या. "मी झाड विचारतेय."
हेलन चहा ओतत होती. तिनं वर बघितलं नाही.
म्हणालो, क्रिस्टीनाला विचारून सांगतो. मावशी म्हणाल्या, विचार, मी थांबते.
त्यांच्यासमोरच फोन लावला. क्रिस्टीना म्हणाली, "बोला सर."
मी फोन मावशींच्या हातात दिला.